सिस्टर, विचारू का? : बाळाचा बोन मॅरो

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की काही बाळं प्रतिकारशक्तीशिवायच जन्माला येतात आणि बोन मॅरो बदलून त्यांना बरं करता येतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून दात, दमा आणि अंथरूण ओलं करण्याबद्दलची पत्रं पुढच्या महिन्यावर ढकलली आहेत, त्या आयांनी रागावू नये. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका रुग्णालयात 27 वर्षं लहान मुलांची नर्स होते, त्यातली शेवटची 11 वर्षं बोन मॅरोच्या युनिटमध्ये. औषधाचा डोस मला विचारू नका. त्या बंद दाराआड काय चालतं ते विचारा, ते मी पाहिलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. दोन महिने झाले, जुलाब आणि खोकला थांबत नाही. जिभेवरचा पांढरा थर दुधाचा समजून मी रोज पुसत होते. बीसीजी टोचलेल्या बाजूला काखेत मोठं अवधाण आलंय. वजन साडेचार किलोवर अडकलंय. आता 'स्किड' असं निदान झालं असून लवकरात लवकर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करा म्हणतात. आमचा पहिला मुलगा सात महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला. माझा एक भाऊही तान्हा असतानाच गेला होता. सासरी सगळे म्हणतात, हे तुझ्या माहेरचं दुखणं. सासूबाई म्हणतात, आधी जरा बाळसं धरू दे, मग बघू. थांबावं का? – एक आई, धनकवडी

उत्तर : थांबू नकोस. तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील.

सासूबाईंच्या बोलण्यात वाईट हेतू नाही. अशक्त पोराला जरा सशक्त करावं आणि मग मोठ्या दिव्यातून न्यावं, असं कुणालाही वाटेल. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्किडमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, त्यातही टी पेशी, तयारच होत नाहीत किंवा झाल्या तर काम करत नाहीत. या पेशींचं मूळ हाडाच्या आतल्या मगजात असतं, त्यालाच आपण मॅरो म्हणतो. तुझ्या बाळाचा हा आडच कोरडा आहे. पोटात असताना तुझ्याकडून त्याला अँटिबॉडीज मिळाल्या, त्यांच्यावर त्याने पहिले दोन-तीन महिने निभावले. तो साठा ओसरला तसे जुलाब, खोकला, तोंडातला थर सुरू झाले. आता तो जे दूध पितो ते सगळं जंतूंशी झगडण्यात खर्च होतं. बाळसं धरायची वाट पाहत बसलात तर बाळसं येणार नाही, नवा एखादा जंतू मात्र येईल.

उत्तर अमेरिकेतल्या 25 केंद्रांमधल्या 240 स्किडच्या बाळांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांपैकी 94 टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठी, पण संसर्ग न झालेली 90 टक्के. संसर्ग होऊन आटोक्यात आलेली 82 टक्के. आणि संसर्ग अंगात चालू असतानाच ज्यांचं करावं लागलं, त्यांच्यातली साधारण निम्मी. हे आकडे तुला घाबरवायला सांगत नाही. सासूबाईंना वाचून दाखव. डॉक्टर संसर्ग आटोक्यात आणायला काही दिवस थांबतील, ते थांबणं उपचाराचा भाग आहे. घरी बसून वजनकाट्याकडे बघणं हा उपचार नव्हे.

तोपर्यंत काय? भेटायला येणाऱ्यांना सरळ नाही म्हण, मग जाऊबाई असोत नाहीतर माहेरची माणसं. घरात कुणाला सर्दी झाली तर त्याने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बाळाला रोटाव्हायरसचे आणि पोलिओचे थेंब, पुढे गोवर-रुबेलाची लस, यातलं काही द्यायचं नाही, कारण या लशींमध्ये जिवंत जंतू असतात. घरातल्या दुसऱ्या मुलांनाही पोलिओचे थेंब देऊ नका, ती लस त्यांच्या शीतून बाळापर्यंत पोचते. त्यांच्यासाठी पोलिओचं इंजेक्शन मिळतं. रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएटेड, म्हणजे किरणं देऊन त्यातल्या लिम्फोसाइट निकामी केलेलं, आहे ना, हे तोंड उघडून विचार. साध्या रक्तातल्या दुसऱ्याच्या लिम्फोसाइट या बाळांच्या अंगात शिरून त्याच्यावरच उलटतात. अंगावरचं दूध मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस. तुझ्या रक्तात सीएमव्ही नावाच्या विषाणूची तपासणी होईल, त्यावरून डॉक्टर सांगतील. काखेतलं अवधाण बीसीजीचंच असणार. त्याला कापू किंवा शेकू नका, त्याची वेगळी औषधं चालू होतील.

आता थोडं माझं. युनिटमध्ये जायच्या कितीतरी आधी, साध्या वॉर्डात असताना, चार महिन्यांचं एक बाळ दोन महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झालं. दर वेळी न्यूमोनिया, दर वेळी इंजेक्शनं, दर वेळी घरी. त्याचे रिपोर्ट फाइलला टाचणीने मीच लावत होते. टोटल काउंट 7,000. सगळे म्हणायचे, काउंट नॉर्मल आहे. त्याच्या खालच्या ओळीत छापलेलं होतं, लिम्फोसाइट 12 टक्के. 7,000 चे 12 टक्के म्हणजे 840. त्या वयाच्या बाळात ते 4,000 च्या वर असतात आणि 3,000 च्या खाली दिसले तर तपास करावाच लागतो. तो गुणाकार माझ्या हातातल्या कागदावर होता. तो करायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनीही केला नाही. बाळ तिसऱ्या भरतीत गेलं. त्याची आई मला विचारत होती, सिस्टर, दृष्ट लागली का हो? मी नुसती तिचा हात धरून बसले. पुढे युनिटमध्ये पहिल्याच आठवड्यात एका डॉक्टरांनी फळ्यावर हा गुणाकार मांडला, तेव्हा मला ती टाचणी आठवली.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगते, तान्ह्या बाळाला वारंवार न्यूमोनिया, न हटणारे जुलाब, पुन्हा पुन्हा तोंड येणं असं होत असेल तर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजल्याच्या तपासणीचा, जुना कागद काढा आणि हा गुणाकार करा. आकडा कमी आला तर डॉक्टरांना दाखवा, पुन्हा तपासून घ्या. एखाद्या साध्या आजारातही तो थोडा खाली येतो, लगेच धीर सोडू नका. आणि बीसीजीनंतर काखेत आलेली प्रत्येक गाठ या आजाराची नसते, हेही ध्यानात ठेवा.

राहिलं माहेरचं दुखणं. तुझा भाऊ, तुझा मोठा मुलगा, आता हा. नेमके मुलगेच, आणि तेही आईच्या बाजूने. स्किडचा एक प्रकार असाच चालतो. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि तिला आयुष्यात काही जाणवत नाही. मुलाकडे एकच असतो. तुझ्या प्रत्येक मुलाला हा आजार व्हायची शक्यता निम्मी होती, आणि तुला हे सांगणारं कुणी नव्हतं. नाक माहेरचं आलं म्हणून कुणी सुनेला बोल लावतं का? तुझं काही चुकलेलं नाही. पहिल्या बाळाच्या वेळीही चुकलं नव्हतं. 1968 साली अमेरिकेत मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी जगातलं या आजाराचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं, ते अशाच घरातल्या मुलाचं होतं. त्याच्याही आईच्या बाजूची कितीतरी मुलं तान्हेपणीच गेली होती. तो बहिणीच्या मॅरोवर वाचला.

जनुकाची तपासणी करून घे. मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजारांचं निदान होतं. नेमका दोष कळला की तुझ्या बहिणींची, मावसबहिणींची तपासणी करता येते. त्यांना हे कळव, कितीही अवघड वाटलं तरी. पुढच्या बाळंतपणात, अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा अंश घेऊन आजाराचं निदान होऊ शकतं. नोंदणी असलेल्या केंद्रात ते कायद्याने चालतं. आणि ज्या घरात एक बाळ असं गेलंय तिथे पुढच्या बाळाला प्रसूतिगृहातच बीसीजी टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, थांबा, आधी तपासणी करा.

डोनर कोण, हे तू विचारलं नाहीस, पण रात्री झोपताना तोच विचार येत असेल. सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच व्हायची, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळायची, शक्यता चारांत एक असते. तुझ्या बाळाला भावंड नाही. तरी तू किंवा त्याचे बाबा अर्धे जुळणारच, कारण अर्धा वाटा तुझा आणि अर्धा त्यांचा. पूर्वी अर्ध्या मॅचला डॉक्टर कचरत असत, आता त्याच्या पद्धती बसल्या आहेत. रक्तगट जुळला नाही तरी चालतं, ती भीती मनातून काढ.

आणि ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन नसतं गं. दर वेळी बाळाची आई मला विचारायची, ऑपरेशन कुठल्या दिवशी आहे, किती तास चालेल, टाके किती पडतील. छातीत एक नळी बसवतात तेवढंच भूल देऊन होतं. मग जरूर असेल तशी काही दिवस किमो, म्हणजे नव्या पेशींना जागा होते. मग एका दिवशी, आम्ही त्याला डे झिरो म्हणतो, स्टँडवर एक पिशवी लटकते. रक्ताच्या पिशवीसारखीच, जरा दाट. ती थेंब थेंब उतरते आणि बाळ बहुतेक वेळा झोपलेलं असतं. बाप लोक काचेतून बघत असतात आणि संपल्यावर विचारतात, झालं? एवढंच? पेशी रक्तातून फिरत आपल्या आपण हाडात जाऊन बसतात, त्यांना पत्ता सांगावा लागत नाही. खरी परीक्षा त्यानंतर असते. दोन ते चार आठवडे रोज पहाटे रक्त जातं आणि नऊच्या सुमारास काउंट येतो, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा. शून्य. शून्य. शून्य. ताप येतो, तोंड सोलून निघतं, प्लेटलेट द्याव्या लागतात. मग एके दिवशी 100 येतो. सलग तीन दिवस 500 च्या वर राहिला की म्हणायचं, धरलं. त्या सकाळी मावशीसुद्धा फरशी पुसायची थांबून आकडा विचारायच्या.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला सीजीडी आहे. मानेला गळू, मग यकृतात गळू, सारखी भरती. सात वर्षांच्या मुलीशी पूर्ण मॅच आलाय. पण माझी आई म्हणते, पोरीच्या पाठीच्या कण्यातून काढतात, उद्या तिचं लग्न व्हायचंय, तिला अपंग करू नका. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मी कंत्राटी कामगार आहे, पैसे कुठून आणू? – एक वडील, चाकण

उत्तर : दादा, आधी एकच विचारते. मुलीची डीएचआर तपासणी, म्हणजे सीजीडी आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, झाली आहे का? मॅच येणं वेगळं आणि तिला स्वतःला हा आजार नसणं वेगळं. तुमचं लग्न नात्यात झालंय, तुम्ही दोघंही एकच दोष घेऊन असू शकता, आणि मग प्रत्येक मुलाला चारांत एक शक्यता राहते, मुलगी असो की मुलगा. सीजीडीमध्ये पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत, म्हणून आत गळवं होत राहतात. काहींना ते उशिरा दिसतं. डॉक्टरांनी बहुधा तपासलंच असेल, तरी रिपोर्ट डोळ्यांनी बघा.

आता आजींसाठी. कण्याला कुणी हात लावत नाही. कमरेच्या मागे, पट्टा बसतो त्याच्या खाली, दोन्ही बाजूंना हाताला लागणारं रुंद हाड आहे ना, तिथून सुईने मॅरो ओढतात. मुलीला पूर्ण भूल असते, तिला काही कळत नाही. तास-दोन तास. तुमचा मुलगा 14-15 किलोचा असेल, तर त्याच्या वजनाच्या हिशोबाने साधारण 150 ते 300 मिली लागतं, आणि मुलीच्या वजनाला किती झेपेल ते बघूनच काढतात. टाके नाहीत, दोन बारीक टोचे आणि वर पट्टी. दोन-चार दिवस कंबर दुखते, पॅरासिटामॉलने भागतं. बहुतेक मुली दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही आठवड्यांत मॅरो पुन्हा भरतो. महिन्याभराच्या लोहाच्या गोळ्या देतील. लग्न, बाळंतपण, कशाला काही बाधा नाही, आणि वर्षभराने तिला विचारलंत तर कुठे टोचलं होतं तेही तिला दाखवता येणार नाही. भुलीचा धोका अगदी शून्य नसतो, तो भूल देणारे डॉक्टर समजावतील, ते नीट ऐका.

पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचं आहे. त्या दिवशी सगळं घर मुलाच्या काचेपाशी उभं असतं आणि मुलगी दुसऱ्या मजल्यावर रिकव्हरीत एकटी उलटी करत असते. मी हे किती वेळा पाहिलं. एक आठ वर्षांची होती, कमरेला पट्टी, सलाइनचा हात उशीवर. मला हळूच विचारलं, सिस्टर, माझं रक्त गेल्यावर तो मुलगी होईल का? मी म्हटलं, नाही गं, पण त्याचं रक्त तपासलं ना, तर त्यात मुलीच्या पेशी दिसतील, तुझ्या. रक्तगटसुद्धा तुझाच होईल. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, हे आजीला सांगा. दादा, त्या दिवशी एक माणूस फक्त मुलीपाशी बसवा. ती आजीच बसली तर फार बरं.

पोरीला आधी विश्वासात घ्या, खोटं बोलून नेऊ नका. आणि मनात हेही धरा की एखाद्या वेळी मॅरो धरत नाही, किंवा धरूनही मूल जातं. त्याचं ओझं त्या सात वर्षांच्या जिवावर पडणार नाही, हे मोठ्यांनी आत्ताच ठरवायचं.

पैशाचं. खासगीत खर्च दोन आकडी लाखांत जातो, हे लपवत नाही. केंद्र सरकारचं 2021 चं दुर्मीळ आजार धोरण आहे. त्यात एकदा उपचार करून बरे होणारे आजार पहिल्या गटात आहेत आणि स्किड, सीजीडी, विस्कॉट-आल्ड्रिच ही नावं त्यात छापलेली आहेत. ठरवून दिलेल्या केंद्रात उपचार घेतले तर 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईत केईएम हे तसं केंद्र आहे. अर्ज तिथूनच होतो, म्हणून तिथे मुलाची नोंदणी करा. लहान मुलांच्या ट्रान्सप्लांटसाठी बोरिवलीला मुंबई महापालिकेचं केंद्रही आहे. पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचा नियम आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आजच काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधी वेगळा. या सगळ्याला रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक गाठा, त्यांची खोली बहुतेक तळमजल्यावर एका कोपऱ्यात असते. कागद एकाच पिशवीत ठेवा, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. मी असे बाप पाहिले आहेत जे पैशापायी नाही, एका दाखल्यापायी दोन महिने मागे पडले.

प्रश्न : सातवा महिना आहे. बाळाच्या नाळेचं रक्त साठवण्यासाठी फोन येतात. उद्या बाळाला असा आजार झाला तर तेच रक्त उपयोगी पडेल असं सांगतात. घ्यावं का? – कोथरूड

उत्तर : ज्या आजारांबद्दल आपण इथे बोलतोय, त्यांच्यासाठी नाही. दोष जन्मतःच जनुकात असतो, म्हणजे तो नाळेच्या रक्तातल्या पेशींतही असतोच. बाळाला त्याच्याच पेशी परत देऊन काय मिळणार? घरात आधीच असा आजारी भाऊ किंवा बहीण असेल तर गोष्ट निराळी, नव्या बाळाच्या नाळेचं रक्त त्याला उपयोगी पडू शकतं. पण ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं, फोनवरच्या माणसाने नाही.

नाळेवरून एक आठवलं. नाळ साधारण दोन आठवड्यांत गळते. महिना उलटला तरी गळाली नाही, बेंबी लाल आणि ओली राहिली, तर दाखवा. एका दुर्मीळ आजारात पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेरच पडू शकत नाहीत, आणि त्याची पहिली खूण कधीकधी ही असते.

प्रश्न : नातवाचं ट्रान्सप्लांट होऊन अडीच महिने झाले. गावी आमचा वाडा, गोठा, अंगणात रोज सडा. दिवाळीला आणावं म्हणतो. यूट्यूबवर काचेच्या फुग्यात राहणारा मुलगा पाहिला, तसंच ठेवायचं का त्याला? – एक आजोबा, भोर

उत्तर : आजोबा, नमस्कार. या दिवाळीला नको. पहिले 100 दिवस तर पुण्यातच, रुग्णालयापासून रिक्षाने पोचता येईल इतक्या अंतरावर. नव्या पेशी आल्या असल्या तरी त्या अजून कोवळ्या आहेत, आणि त्यांनी बाळाच्याच अंगावर उलटू नये म्हणून त्यांना दाबून ठेवणारी औषधं चालू असतात. तळहात-तळपायावर लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी दाखवायचं. ताप 100.4 झाला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता निघायचं.

जुन्या भिंतीची ओल, गवताची गंजी, शेण, कबुतरांची विष्ठा, यात बुरशीचे कण असतात आणि या मुलांच्या फुप्फुसाला बुरशीसारखा वैरी नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तो वाडा वाईट नाही, त्याची वेळ आली नाही एवढंच. सुनेलाही सांगा, पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कबुतरं बसतात तिथे त्याला न्यायचं नाही आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंद. पाणी उकळलेलं, अन्न ताजं आणि गरम. कोशिंबीर, उसाचा रस, बाहेरची चटणी, उघड्यावरचं पेढा-बर्फी, सगळं बंद. लशी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, कधी ते डॉक्टर सांगतील.

फुग्यातला मुलगा तुम्ही पाहिलात तो टेक्सासचा डेव्हिड. 1971 साली जन्मला, स्किडचा होता, बारा वर्षं प्लास्टिकच्या आवरणात काढली. बहिणीचा मॅरो दिला, पण तो पूर्ण जुळणारा नव्हता आणि त्यात एक विषाणू लपून आला, त्यातून कर्करोग होऊन 1984 च्या फेब्रुवारीत तो गेला. त्या विषाणूवर आता ट्रान्सप्लांटनंतर रक्त तपासून सतत नजर ठेवतात. तुमचा नातू त्या फुग्यात राहू नये म्हणूनच तर हे सगळं केलं. औषधं कमी होत जातील, काउंट टिकतील, टी पेशी वाढतील, आणि बहुतेक पुढच्या दिवाळीच्या आसपास डॉक्टर स्वतः म्हणतील, न्या गावाला. तोपर्यंत गोठ्याला एकदा चुना मारून घ्या.

प्रश्न : आमच्या मंडळाला अशा मुलांसाठी काही करायचं आहे. – कार्यकर्ता, कसबा पेठ

उत्तर : दोन गोष्टी. प्लेटलेट द्या. मशीनवर तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, रक्तदानासारखंच, आणि एका मुलाला काउंट येईपर्यंत कितीतरी वेळा लागतात. सणासुदीच्या दिवसांत डोनर मिळत नाहीत, तेव्हा तुमच्या पोरांची यादी आणि फोन नंबर रक्तपेढीत देऊन ठेवा.

दुसरं, स्टेम सेल, म्हणजे मॅरोतल्या मूळ पेशी, देणारा डोनर म्हणून नोंदणी. घरात मॅच नसलेल्या मुलांना अनोळखी माणसाचा आधार असतो. 18 ते 50 वयाच्या निरोगी माणसाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची. चेन्नईची दात्री ही संस्था 2009 पासून हे काम करते, त्यांची माणसं शिबिर घ्यायलाही येतात. पण उत्साहात शंभर नावं भरू नका. घरी आई-बायकोशी बोलून जे पक्के आहेत तेवढेच भरा. नाव लागतं ते कधी चार वर्षांनी, कधी कधीच नाही. फोन आला आणि त्या मुलाची किमो सुरू झाल्यावर डोनर मागे फिरला, तर त्या मुलाचा जुना मॅरो गेलेला असतो आणि नवा येणार नसतो.

प्रश्न : पुढच्या बुधवारी आम्ही भरती होणार आहोत. सोबत मीच राहणार. काय न्यायचं, काय नाही? – एक आई, हडपसर

उत्तर : सुती कपडे, धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री केलेले. तुझेही तसेच, सहा-सात जोड. नखं कापून ये. बांगड्या, अंगठी, घड्याळ घरी. मंगळसूत्राचं काय ते सिस्टरांना विचार, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. खेळणी प्लास्टिकची आणि पुसता येतील अशीच. टेडी नको, जुनी पुस्तकं नकोत, फुलं तर अजिबात नकोत. बाळाची रोजची झोपायची दुपटी न्यावीशी वाटेल, तर घडी करून आधी युनिटमध्ये दाखव, ती निर्जंतुक करून देतात का विचार. एक वही आणि पेन घे. रोजचा काउंट, ताप, किती प्यायलं, किती वेळा शी झाली, हे तूही लिही. रात्री तीनला डोकं चालत नाही तेव्हा वही बोलते. स्वतःसाठी खाऊ ठेव, पण तो खोलीबाहेर खायचा. रोज एक वेळ बाहेर जाऊन पाठ टेकायची, आणि त्या वेळेला आत कोण थांबणार ते आजच ठरव, नवऱ्याला रजा टाकायला सांग.

अंगारा आणि तीर्थ आत आणू देणार नाहीत. माझ्याशी किती आया यावरून भांडल्या, रडल्या. त्यात राख असते, पाणी असतं, आणि ती राख मुलाच्या नळीजवळ नको, एवढंच. देवाचा फोटो मात्र चालतो. दगडूशेठचा असेल, खंडोबाचा असेल, पिराचा असेल. लॅमिनेट करून आण, म्हणजे स्पिरिटने पुसता येतो. पलंगाच्या पायथ्याशी लावायचा, डोक्याशी नाही, डोक्याशी मशिनं असतात. मोठ्या आकाराचा कर, आणि लॅमिनेशन सोमवारीच उरकून घे. मंगळवारी तुझ्या मागे सतरा कामं असतील.